नदीला उतार, आम्हाला चढ

“नदी शेवटी जाते कुठं?” मित्रानं विचारलं.

“समुद्राला.”

“म्हणजे खाली. आपण नदीच्या काठानं जाणार, म्हणजे आपणही खालीच. पायडल मारायचं ते पायांना मुंग्या येऊ नयेत म्हणून.”

या तर्कात खोट काढायचा मी दोन दिवस प्रयत्न केला. सापडली नाही. शाळेत भूगोलात मला काठावरचे मार्क असत आणि त्याला माझ्याहून सात जास्त, त्यामुळे जमीन, पाणी आणि हवा या तिन्ही विषयांत त्याचा शब्द अखेरचा. नकाशावर जंगलाचा हिरवागार पट्टा पसरला होता. त्यातून निळी नदी, आणि नदीला बिलगून तांबडा रस्ता, नवं जोडपं देवदर्शनाला निघावं तसा. मध्ये एके ठिकाणी नकाशाची घडी होती. दोघं त्या घडीत शिरत आणि पलीकडून पुन्हा जोडीनं बाहेर पडत. परक्याच्या संसारात डोकावू नये एवढं वळण आम्हाला होतं, म्हणून घडीत काय चाललंय याची चौकशी केली नाही.

सामानाच्या बाबतीत मित्राचा आदर्श थॉमस स्टीव्हन्स. हा गृहस्थ १८८४ साली सॅन फ्रान्सिस्कोहून पुढचं चाक छातीभर उंचीचं असलेल्या सायकलीवर निघाला आणि १८८६ च्या अखेरीस जपानात योकोहामाला पोचला. बरोबर काय, तर मोजे, एक जादा शर्ट, रात्री तंबूचंही काम करणारा रेनकोट आणि एक पिस्तूल. “बघ,” मित्र म्हणाला, “जग फिरला!” मी पिस्तूल वगळून बाकी सगळं घेतलं. पण एकच रेनकोट रात्री तंबू झाला तर पावसात बाहेर जाताना काय घालायचं, म्हणून तंबू वेगळा घेतला. तंबू आला तशी खालची चटई आली, चटई आली तशी उशी. उशी फुगवायची होती म्हणून ती मोजणीत धरली नाही. शेवटी वजन केलं तेव्हा सायकल भरली चौदा किलो आणि तिच्यावरचं सामान चोवीस. खोगीरभरती हा शब्द मी आजवर नुसता वापरत होतो, त्या दिवशी डोळ्यांनी पाहिला.

सायकली गाडीत टाकण्यासाठी पायडलं काढायची होती. उजवं निघालं. डावं मी अर्धा तास पान्ह्यानं ‘सैल’ करत होतो. डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात, हे मित्राला ठाऊक होतं. त्यानं ते अर्ध्या तासानंतर सांगितलं. “मला वाटलं तू घट्ट करतोयस,” म्हणाला.

पहिल्या सकाळी पुलावर उभं राहून आम्ही नदीकडे मालकाच्या नजरेनं पाहिलं. पाणी आमच्या दिशेनं निघालं होतं. आम्हीही पाय उचलून पायडलावर ठेवले आणि वाट पाहिली. सायकल हलली नाही.

त्याचं असं आहे. आमची नदी त्या भागात किलोमीटरमागे जेमतेम मीटरभर उतरत होती. पाण्याला तेवढं पुरतं. पाणी सोशिक. पण रबरी चाक दर फेऱ्याला जमिनीवर दबतं आणि पुन्हा फुगतं, त्यातच त्याची शक्ती खर्च होते. चांगला टायर आणि चांगला डांबरी रस्ता असला तरी नुसतं तेवढं भागवायला किलोमीटरमागे पाचेक मीटर उतार लागतो. वारा, बेअरिंग आणि उशी अजून हिशेबात धरलेली नाही. म्हणजे नदी सुखानं समुद्राकडे निघालेली आणि आम्ही तिच्या शेजारी, तांत्रिकदृष्ट्या उतारावर, घामाघूम.

हेही चाललं असतं. पण रस्ता नदीकाठानं जातो म्हणजे काय, तर नदीला मिळणाऱ्या प्रत्येक ओढ्याला ओलांडून जातो. आणि जंगलात ओढे फार. ओढा दिसला की रस्ता नदीचा हात सोडून आत वळायचा, खाली पुलापर्यंत घसरायचा आणि पलीकडे सरळ वर उठायचा. वर गेलं की समोर पुढचा ओढा. संध्याकाळी हँडलवरच्या यंत्रानं हिशेब दिला, तो असा: अंतर अठ्ठावन्न किलोमीटर, एकूण चढ सातशे दहा मीटर. नदी तेवढ्यात साठेक मीटर उतरली होती. मी ते यंत्र मित्राला दाखवलं. “अरे, पण तेवढाच उतारही मिळाला असेल ना,” तो म्हणाला. मिळाला होता. एकूण चढ तासांत आणि एकूण उतार मिनिटांत.

आता बसण्याविषयी. निघण्यापूर्वी मी सीटवर चढवायला एक गुबगुबीत जेलचं कव्हर घेतलं होतं, अंगठा दाबला की अलगद आत जाणारं. अंगठ्याचा अनुभव वेगळा आणि माझा वेगळा. मऊ सीटमध्ये माणूस रुततो आणि जो भार बसायच्या दोन हाडांनी पेलायचा, तो त्या हाडांच्या मधल्या, या कामासाठी न नेमलेल्या भागावर येतो. आत गादी शिवलेली सायकलची चड्डीही होती. ती दुसऱ्या चड्डीवर चढवायची नसते, थेट घालायची असते, हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. तोवर आतल्या शिवणींनी आपापलं काम चोख केलं होतं. ती रात्र मी पालथा झोपून काढली.

झोपून म्हणजे आडवा होऊन. जंगलात वाळक्या पानांवरून उंदीर गेला तर रानडुक्कर गेल्यासारखं वाजतं. खरं रानडुक्कर गेलं तर कसं वाजेल याचा विचार करत रात्र जाते. त्यात आम्ही तंबू ठोकला होता नदीच्या अगदी काठाशी, दृश्य छान म्हणून. रात्री थंड हवा जड होऊन दोन्ही उतारांवरून खाली घरंगळते आणि खोऱ्याच्या तळाशी साचते, म्हणजे आम्ही झोपलो होतो नेमकं तिथं. पहाटे तंबूला आतून घाम फुटला होता आणि थेंब नेम धरून कपाळावर पडत होते. चाळीस-पन्नास पावलं वर जाऊन झोपलो असतो तर बरंच कोरडं आणि उबदार असतं. दृश्यही तिथून चांगलं दिसत होतं, हे सकाळी कळलं.

प्रवासाच्या दुसऱ्या दिवशी पाऊस. झाडं दाट असल्यानं पहिली दहा मिनिटं आम्ही कोरडे राहिलो आणि जंगलाचे गोडवे गायले. मग पाऊस थांबला, तेव्हा पानांनी साठवलेलं सगळं पाणी पुढचा अर्धा तास हप्त्याहप्त्यानं आमच्यावर ओतलं.

वाऱ्याचं प्रकरण मात्र मला मनाला लागलं. ऊन चढलं की डोंगराचे उतार तापतात, त्यांच्यावरची हवा वर उठते आणि तिची जागा भरायला खालच्या अंगानं वारा खोऱ्यात शिरतो. म्हणजे दिवसा वारा वाहतो नदीच्या उलट दिशेनं, सरळ आमच्या तोंडावर. रात्री तो फिरतो आणि प्रवाहाबरोबर जातो, तेव्हा आम्ही तंबूत. पंधराच्या वेगानं तुम्ही निघालात आणि समोरून पंधराचाच वारा आला की हवेचा अडथळा दुप्पट नाही, चौपट होतो. दुपारी दोनला एका सपाट पट्ट्यावर मी सर्वात हलक्या गिअरमध्ये पाय गरगर फिरवत होतो आणि शेजारून एक फुलपाखरू मला मागे टाकून गेलं.

त्याच पट्ट्याच्या शेवटी पुलावर हवा गेली. मागच्या चाकाची, अर्थातच, कारण सामानाचा भार तिथं. चारही पिशव्या उतरवल्या, सायकल उलटी केली, चाक काढलं, टायर उचकटला. ट्यूब हातात घेऊन दोघंही तिच्याकडे डॉक्टरांसारखे पाहत राहिलो. भोक दिसेना. कानाशी धरली तर नदीचाच आवाज. शेवटी मी पुलाखाली उतरलो आणि ट्यूब नदीत बुडवून इंचाइंचानं फिरवली. एका ठिकाणाहून बारीक बुडबुड्यांची सर निघाली. मोत्यांची माळ सुटावी तशी, एकामागून एक, घाई न करता. तीन दिवसांत नदीनं आमच्यासाठी केलेलं हे पहिलं काम.

पुसलं, घासलं, सोल्यूशन लावलं. ते बोटाला चिकटायचं थांबेपर्यंत वाळू द्यायचं असतं. मित्र तेवढा वेळ फुंकर घालत होता. वरून ठिगळ दाबलं आणि निघालो. बरोबर दोन किलोमीटरवर पुन्हा फुस्स. टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधायचा असतो, तो राहिला होता. या वेळी बोट फिरवलं. काटा बोटालाच सापडला. “स्टीव्हन्सला एकदाही पंक्चर झालं नाही,” मित्र म्हणाला. ते खरंच होतं. त्याच्या सायकलीला भरीव रबर होतं. डनलॉप नावाच्या पशुवैद्यानं हवेचा टायर काढला १८८८ साली, स्टीव्हन्स घरी पोचल्यावर. मी बोट चोखत हे ऐकून घेतलं.

आणि चौथ्या दिवशी आम्ही नकाशाच्या घडीत शिरलो.

घडीत घळ होती. दोन्ही बाजूंना उभे कडे आणि मधून नदी. पाण्याकडे वेळ बक्कळ असतो, ते लाखो वर्षं खडक घासत बसू शकतं. रस्ता बांधणाऱ्यांना तेवढी मुदत मिळत नाही. त्यांनी नदीला नमस्कार करून रस्ता डोंगरावरून काढला होता. तीन वळणं सायकलीवर बसून झाली. चौथ्यावर उतरलो आणि ढकलायला लागलो. अडतीस किलोची सायकल ढकलताना हँडल एकीकडे ओढतं, सामान दुसरीकडे आणि दर तिसऱ्या पावलाला पायडल येऊन नडगीवर बसतं. एकाच जागी. मित्र पुढं होता. तो वळून काही म्हणेल, तर काय उत्तर द्यायचं हे मी ठरवून ठेवलं होतं, पण तोही बोलण्याच्या स्थितीत नव्हता.

वर पोचायला दोन तास चाळीस मिनिटं लागली. खाली यायला अकरा. त्या अकरा मिनिटांविषयी माझी काहीच तक्रार नाही. डोळ्यांतून पाणी, कानांत वारा, ब्रेकची किंकाळी, आणि खाली एका वळणावर नदी पुन्हा दिसली, कुठं गेला होतात असं विचारल्यासारखी. स्टीव्हन्सच्या सायकलीची पायडलं चाकाबरोबर फिरतच राहायची, उतारावर त्याला पाय वर काढून घ्यावे लागत. माझे पाय मात्र पायडलावर निवांत होते. आयुष्यात एकदा तरी मी त्याच्या पुढं होतो.

संध्याकाळी पोचल्यावर मित्रानं जमिनीवर नकाशा पसरला. “परतीला गाडी कशाला?” तो म्हणाला. “पलीकडच्या काठालाही रस्ता आहे. दुपारी निघू, म्हणजे वारा पाठीमागून. आणि चढ काय, किलोमीटरला मीटरभर. तो कळणारही नाही.”

तर्कात खोट सापडेना. मी चष्मा लावला, गुडघ्यांवर बसलो आणि पलीकडच्या काठावरून बोट सरकवत घडीपर्यंत नेलं.

“तिथं काही नाही रे,” तो म्हणाला.

खरंच काही नव्हतं. चार दिवस उघडझाप करून कागदाला तिथं भोक पडलं होतं.