जैनांची देवळं बळकावलेली? आधी मेगुटीची भिंत वाचा

परवा समोरच्या काकू आमच्याकडे चहाला बसल्या होत्या. आईने कौतुकाने फोनवरचा एक मेसेज त्यांना वाचायला दिला. काकूंनी तो शेवटपर्यंत वाचला, फोन टेबलावर ठेवला आणि मला विचारलं, "आमचं देऊळ कुणाचं पाडून बांधलंय गं?" आईने मेसेज नीट वाचलाच नव्हता. काकू दिगंबर जैन आहेत. सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत नंदीध्वज बघायला त्या आमच्यासोबत उभ्या असतात, आम्ही त्यांच्यासोबत कुंथलगिरीच्या जैन तीर्थाला जातो. त्या दिवशी त्या चहा अर्धा ठेवून उठल्या.

मेसेज माझ्या मोठ्या मामांनी घरच्या ग्रुपवर टाकलेला. फोन केला तर म्हणाले, "आलं होतं, चांगलं वाटलं, पुढं टाकलं की." म्हणून मामा, हे तुमच्यासाठी आणि तो मेसेज पुढे ढकलणाऱ्या सगळ्यांसाठी.

मेसेजमध्ये पाच गोष्टी आहेत. वेदकाळापासून देवळं आजच्यासारखीच होती. जैनांना स्वतःची बांधणी नव्हती, त्यांनी हिंदूंची देवळं बळकावून मूर्ती बदलल्या. महाराष्ट्रातली काळ्या दगडाची सगळी देवळं हेमाडपंताने चुन्याशिवाय बांधली, कित्येक तर एका रात्रीत. देवळांच्या बांधणीच्या दोनच शैली, उत्तरेत नागर, दक्षिणेत द्राविड, मधे काही नाही. आणि खांब दगड वितळवून साच्यात ओतलेले आहेत.

दुसऱ्या मुद्द्यापासूनच सुरू करते, कारण चहा त्याच्यामुळे राहिला.

विजापूर ओलांडून बागलकोट जिल्ह्यात गेलं की ऐहोळे लागतं. तिथल्या टेकडीवर मेगुटी नावाचं दगडी देऊळ आहे आणि त्याच्या पूर्वेकडच्या भिंतीवर संस्कृत श्लोकांत लांबलचक लेख कोरलेला आहे. शक 556, म्हणजे इ. स. 634. लिहिणारा रविकीर्ती, बदामीच्या चालुक्य राजाचा, दुसऱ्या पुलकेशीचा, आश्रित कवी. त्याने पुलकेशीचा पराक्रम गायला, उत्तरेच्या सम्राट हर्षाचा हर्ष कसा गळाला तेही सांगितलं, स्वतःला कालिदास आणि भारवीच्या पंक्तीत बसवलं. आणि हे देऊळ कुणाचं, तेही स्पष्ट लिहिलं: 'शैलं जिनेन्द्रभवनम्', दगडाचं जिनमंदिर, म्हणजे जैनांचं देऊळ, रविकीर्तीने बांधवून घेतलेलं. इतकी जुनी आणि अंगावर स्वतःचं साल कोरलेली दगडी देवळं देशभरात किती निघतील? फार नाहीत. त्यांतलं हे एक, आणि ते पहिल्या दगडापासून जैन आहे. कुणाकडून घेतलेलं नाही, कुणाची मूर्ती हलवलेली नाही.

याच लेखात पुलकेशी तीन 'महाराष्ट्रकां'चा आणि त्यांतल्या 99,000 गावांचा स्वामी झाल्याचं लिहिलंय. आपण ज्या नावाचा एवढा अभिमान धरतो, ते नाव चौदाशे वर्षांपूर्वी एका जैन देवळाच्या भिंतीवर कोरलं गेलं. मामा, हे मी त्या भिंतीसमोर उभं राहून पाहिलंय. ज्यांनी तो मेसेज लिहिला, ते त्या टेकडीच्या पायऱ्याही चढले नसावेत.

चालुक्यांच्या राजमुद्रेवर वराह होता, म्हणजे विष्णूचा अवतार. त्यांच्याच पदरी असलेल्या कवीने जिनमंदिर बांधलं आणि लेखात राजाच्या कृपेचाही अभिमानाने उल्लेख केला. बदामीला एकाच डोंगरात चार लेणी आहेत, त्यांत शिव आहे, विष्णू आहे आणि चौथं लेणं जैनांचं. वेरूळला राष्ट्रकूट राजा पहिल्या कृष्णाच्या काळातलं कैलास हे शिवाचं लेणं आहे आणि पुढे 30 क्रमांकाचं छोटा कैलास, जैनांचं. हो, तो कैलासचाच नमुना घेऊन कोरलाय. पण नमुना घेणं म्हणजे बळकावणं का? जवळजवळ तेच कसब, तोच दगड, देणगीदार वेगळा. खजुराहोच्या पार्श्वनाथ मंदिराच्या बाहेरच्या भिंतीवर राम, सीता आणि हनुमान आहेत. अबूच्या डोंगरावरचं विमलवसही हे जैन देऊळ 1031 चं, बांधणारा सोळंकी राजा पहिल्या भीमाचा मंत्री विमल. त्याच भीमाच्या राज्यात मोढेऱ्याचं सूर्यमंदिर चार-पाच वर्षं आधी उभं राहिलं. दोन्हींच्या खांबांची आणि छतांची घडण शेजारी ठेवून बघा, कारागीर एकाच परंपरेतले वाटतात.

आणि जैनांचं स्वतःचं काही नव्हतं म्हणता? मुख्य देवळाभोवती अंगण आणि अंगणाला वेढणाऱ्या लहान लहान देवकुलिकांची रांग, प्रत्येकीत तीर्थंकर, ही मांडणी त्यांनी आपली ओळख बनवली. चारही दिशांना तोंड असलेली चौमुख मूर्ती आणि तिच्यासाठी चारही बाजूंनी उघडणारा गाभारा, तो राणकपूरला बघा.

एक मात्र मान्य करते, मनाविरुद्ध. काही ठिकाणी देवळांतले देव बदलले. पण ते एकाच दिशेने झालं नाही. कर्नाटकात अब्लूरच्या शिलालेखात एकांतद रामय्या या शिवभक्ताने जैनांशी पैज जिंकून त्यांची मूर्ती फोडल्याची हकीकत आहे. तिथे हरले ते जैन. हे मेसेजमध्ये का नाही?

आता हेमाडपंत. हा देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र यादवांचा मंत्री, म्हणजे तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. अंबरनाथच्या शिवमंदिरातला लेख शक 982 चा, इ. स. 1060. हेमाडपंताच्या दोनशे वर्षं आधीचा. तेवढं लांब कशाला जायचं? दक्षिण सोलापूर तालुक्यात भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडल आहे. तिथल्या संगमेश्वराच्या देवळात तुळईवर शक 940 चा, म्हणजे 1018 चा मराठी लेख आहे, मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी एक. तोही हेमाडपंताच्या आधीचाच. सोलापूरच्या माणसाने तरी 'सगळी हेमाडपंताने बांधली' म्हणायला नको होतं.

चुन्याशिवाय बांधलं हे खरं आहे. दगड घडवून, खाच आणि कुसू एकमेकांत अडकवून, वजनावर उभं केलेलं काम. पण ही रीत त्याच्या कितीतरी आधीपासूनची. 'हेमाडपंती' हे रीतीचं नाव म्हणून चालेल, त्यावरून बांधणाऱ्याचं नाव काढता येत नाही. एका रात्रीचं तर बोलायलाच नको. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरातल्या 'चौऱ्यांशीचा लेख' म्हणतात त्या शिलालेखात शक 1195 ते 1199 या वर्षांतले विठ्ठलाचे देणगीदार एकामागून एक कोरलेत. देऊळ असं वर्षानुवर्षं, लोकांच्या पैशावर उभं राहतं.

वेदकाळात यज्ञासाठी विटांच्या वेदी होत्या, देवळांचं वर्णन त्या ग्रंथांत नाही. सांचीचं 17 क्रमांकाचं देऊळ, पाचव्या शतकातलं, म्हणजे सपाट छताची एक खोली आणि पुढे चार खांबांची ओसरी, बस. शिखर त्यानंतर वाढत गेलं. बार्शीवरून तेरला जाऊन त्रिविक्रमाचं विटांचं देऊळ बघा. पाठ अर्धगोल आणि वर कमानदार छत, बौद्ध चैत्यगृहाचीच आठवण येते.

नागर-द्राविडची रेघ बदामीजवळच्या पट्टदकलला पुसली जाते. द्राविड विरूपाक्ष आणि नागर गळगनाथ एकाच आवारात. आणि अंबरनाथ, सिन्नरचं गोंदेश्वर यांची शिखरं भूमिज म्हणतात त्या तिसऱ्याच घडणीची.

वितळवलेला दगड? वेरूळला अर्धवट सोडलेलं काम आहे, त्यावर छिन्नीचे घाव मोजता येतात. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात लक्कुंडीसारख्या ठिकाणी मऊ दगडाचे खांब फिरवून कातले, इतकं यंत्र होतं, ते मानते. लक्कुंडीतलं मोठं जिनालय अत्तिमब्बे नावाच्या बाईने बांधवलं, हे जाता जाता.

मामा, मेसेज तुम्ही ज्या ज्या ग्रुपवर टाकलात, तिथे हेही टाका. काकूंना मी मेगुटीच्या भिंतीचा फोटो दाखवला. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघी आणि आई ऐहोळेला जातोय. गाडीत एक जागा आहे.