‘पोझोर’ची फुकट बदनामी

प्रागमधल्या एका पाटीचा फोटो आणि त्याखाली चार परिच्छेदांची पोस्ट सध्या मराठी ग्रुपांवर जोरात फिरतेय. पाटीवर लिहिलंय ‘पोझोर’. पोस्टचं म्हणणं थोडक्यात असं : रशियनमध्ये पोझोर म्हणजे लाज, बेअब्रू, आणि तोच या शब्दाचा मूळ अर्थ. १९६८ साली सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये घुसले तेव्हा चेक लोकांनी सैनिकांना खिजवायला तो भिंतीभिंतीवर लिहिला आणि पुढे तोच शब्द ‘सावधान’ या अर्थाने रुळला. बाकीचे सगळे स्लाव्ह लोक (रशियन, पोलिश, सर्बियन अशा एकमेकींच्या नात्यातल्या भाषा बोलणारे) आजही त्याचा अर्थ लाज असाच करतात. शिवाय, रशियनांच्या द्वेषापोटी चेक आणि पोलिश लोकांनी असे कितीतरी शब्द मुद्दाम उलटे फिरवले. रशियनमध्ये जे शिळं ते चेकमध्ये ताजं, रशियनमध्ये जे कुरूप ते पोलिशमध्ये सौंदर्य.

गोष्ट झकास आहे आणि ती पूर्ण खोटीही नाही. प्रागमध्ये अशा पाट्या जागोजागी आहेत. रशियनमध्ये या शब्दाचा आजचा अर्थ लाज हाच आहे, आणि रशियन लोक या पाट्यांवरून एकमेकांना विनोद सांगतात हेही खरं. बाकी सगळा मसाला.

पहिला दावा मूळ अर्थाचा. शब्द फोडला की निम्मं काम होतं. ‘पो’ हा उपसर्ग, आणि ‘झोर’ हे ‘बघणे’ या अर्थाच्या जुन्या स्लाव्हिक धातूचं रूप. रशियनमध्ये झ्रेनिये म्हणजे दृष्टी, झ्रीतेल म्हणजे प्रेक्षक, झेर्कालो म्हणजे आरसा, नद्झोर म्हणजे देखरेख. चेकमध्ये नाझोर म्हणजे मत, ओब्झोर म्हणजे क्षितिज. सर्बियन आणि क्रोएशियन घरांत खिडकीला प्रोझोर म्हणतात, ज्यातून आरपार दिसतं ते. या सगळ्या गोतावळ्याला बांधणारा धागा डोळ्यांचा आहे. पोझोर म्हणजे मुळात नजर टाकणं, किंवा ज्यावर नजर जाते ती गोष्ट.

याचा पुरावाही हाताशी आहे. ८६३ साली सिरिल आणि मेथोडियस हे दोघे भाऊ बायझंटियमहून मोरावियात आले आणि त्यांनी बायबलचे भाग स्लाव्हिकमध्ये आणले. (मोराविया म्हणजे बराचसा आजचा चेक आणि स्लोव्हाक मुलूख. ‘चेकांनी शब्द बिघडवला’ म्हणणाऱ्यांनी नकाशावर एकदा बोट ठेवून बघावं.) त्या जुन्या भाषांतरात लूकच्या शुभवर्तमानात येशूला क्रुसावर चढवल्यानंतरचं एक वाक्य आहे. ‘हे दृश्य पाहायला’ जमलेले लोक छाती बडवत परत गेले. इथल्या ‘दृश्य’साठी जुना स्लाव्हिक शब्द आहे पोझोर. पौलाच्या पत्रात ‘आम्ही जगाला तमाशा झालो’ अशा अर्थाची जागा आहे, तिथेही ग्रीकमधल्या ‘थिएट्रॉन’साठी तोच शब्द घातलाय. रशियन चर्चमध्ये हा मजकूर शतकानुशतकं वाचला गेला. म्हणजे ‘दृश्य’ हा अर्थ रशियनांनाही परका नव्हता. १८२०च्या दशकात बरातीन्स्की या कवीने ओसाड पाणी, रानं, दऱ्या आणि डोंगर यांचा पोझोर भव्य आणि उदास होता असं लिहिलं. तिथे ‘लाज’ घालून बघा, ओळच कोसळते.

मग दृश्याची लाज कशी झाली? मराठी माणसाला हे समजावून सांगायची खरं तर गरज पडू नये. आपल्याकडे तमाशा हा रंगमंचावरचा खेळ आहे, आणि ‘लग्नात त्यांनी नुसता तमाशा केला’ म्हटलं की त्याच शब्दात अब्रूचे धिंडवडे येतात. देखावा गणपतीपुढचाही असतो आणि ‘दुःखाचा नुसता देखावा’ असाही असतो. चारचौघांनी बघणं हे कौतुकाचं असतं तसं नामुष्कीचंही असतं. रशियनमध्ये गुन्हेगाराला लोकांसमोर बांधून ठेवायच्या खांबाला ‘पोझोर्नी स्तोल्ब’ म्हणतात. बघण्याजोगी गोष्ट, मग हसण्याजोगी गोष्ट, मग बेअब्रू, अशी ती उतरण आहे. मूळ अर्थापासून लांब गेलेला कुणी असेलच, तर तो रशियन पोझोर. पोस्टने नेमका उलटा न्याय दिलाय. यात रशियनचंही काही चुकलं नाही, शब्द सरकतच असतात.

‘बाकीचे सगळे स्लाव्ह लोक’ हा तुकडा तर एका चकरेत निकालात निघतो. स्लोव्हाक, स्लोव्हेनियन आणि क्रोएशियनमध्ये पोझोर म्हणजे लक्ष, खबरदारी. चेकसारखंच. सर्बियनमध्ये ‘पोझोरिश्ते’ म्हणजे नाट्यगृह. बेलग्रेडमध्ये १८६९ सालापासून ‘नारोद्नो पोझोरिश्ते’ दिमाखात उभं आहे. पोस्टच्या हिशेबाने सर्बियाने राजधानीत राष्ट्रीय बेअब्रूगृह बांधलं म्हणायचं. पोलिशमध्ये हाच शब्द ‘पोझुर’ असा उच्चारतात आणि अर्थ होतो वरवरचं रूप, आभास. ‘पोझोरी मिलों’ म्हणजे दिसतं तसं नसतं. पोलंडमध्ये सावध करायला ‘उवागा’ म्हणतात, युक्रेनमध्ये ‘उवाहा’. रशियनच्या बरोबरीने लाज हा अर्थ पक्का आहे तो बल्गेरियनमध्ये. तेवढा एक गुण पोस्टला द्यावा लागेल.

आणि लाजेसाठी चेक भाषेचा स्वतःचा शब्द आहेच : हान्बा. पोलिश आणि युक्रेनियनमध्येही थोड्या फरकाने तोच. प्रागच्या माणसाला कुणाला ‘लाज वाटू दे’ म्हणायचं असेल तर तो पोझोर कशाला म्हणेल?

आता १९६८. ऑगस्टच्या २० आणि २१ तारखांच्या मधल्या रात्री वॉर्सा कराराच्या, म्हणजे सोव्हिएत गटाच्या लष्करी युतीच्या, फौजा चेकोस्लोव्हाकियात घुसल्या. लोकांनी सैन्याला रस्ता सापडू नये म्हणून रस्त्यांच्या आणि गावांच्या पाट्या काढल्या, भिंतींवर रशियनमध्ये घोषणाही लिहिल्या. पण ‘सावधान’ या अर्थाचा पोझोर त्या रात्री जन्मला हे अशक्य आहे. झाग्रेबमध्ये १८६० साली ‘पोझोर’ नावाचं क्रोएशियन वर्तमानपत्र निघालं. स्वतःच्या राष्ट्रवादी पत्राला कुणी ‘बेअब्रू’ असं नाव देत नाही, तिथे अर्थ ‘सावध नजर’ असाच आहे. त्याच्यावर सरकारी बंदी आली आणि १८७१ पासून ते ‘ओब्झोर’ नावाने निघू लागलं. नाव बदललं, धातू तोच. चेक सैन्याच्या कवायतीत तर ‘पोझोर!’ हा हुकूमच आहे, आपल्या ‘सावधान’च्या जागी, आणि ‘विश्राम’ला ‘पोहोव’. रेल्वे फाटकावर ‘पोझोर व्लाक’, म्हणजे गाडी येतेय, जपून. घराच्या फाटकावर ‘पोझोर, झ्ली पेस’, म्हणजे कुत्रा चावरा आहे. यातलं काय रशियन सैनिकांसाठी लिहिलंय?

गंमत अशी की १९६८च्या त्या दिवसांत ‘लाज’ अर्थाचा पझोर (रशियन उच्चारात पहिला ‘ओ’ ‘अ’सारखा ऐकू येतो) खरोखरच फलकावर झळकला होता, पण प्रागमध्ये नव्हे. २५ ऑगस्टला दुपारी मॉस्कोच्या लाल चौकात आठ माणसं खाली बसली आणि त्यांनी चेकोस्लोव्हाकियाच्या बाजूने फलक उलगडले. एकावर होतं ‘पझोर ओकुपान्ताम’, आक्रमकांचा धिक्कार असो. दुसऱ्या एकावर चक्क चेक भाषेत ‘स्वतंत्र चेकोस्लोव्हाकिया चिरायू होवो’ असं लिहिलेलं. त्यांच्यातली नताल्या गोर्बानेव्हस्काया तान्ह्या बाळाला बाबागाडीत घेऊन आली होती. काही मिनिटांत सगळ्यांना पकडलं, पुढे कुणाला तुरुंग, कुणाला हद्दपारी, कुणाला मनोरुग्णालय. रशियन सत्तेला रशियन शब्दात लाज काढून दाखवणारे सोव्हिएत नागरिकच होते. पोस्ट लिहिणाऱ्याला खरी गोष्ट हवी असती तर ही होती, पण ती ‘द्वेषापोटी’ या चौकटीत बसत नाही.

राहता राहिला ‘शब्द मुद्दाम उलटे केले’ हा शेवटचा आणि सगळ्यात मोठा दावा. चेकमध्ये ताज्या रंगाच्या बाकावर पाटी असते : ‘पोझोर, चेर्स्त्व्ये नात्र्शेनो’. जपून, रंग ओला आहे. रशियन कानाला ती ‘लाज! शिळं…’ अशी सुरू होते, कारण रशियनमध्ये ‘चोर्स्त्वी’ म्हणजे शिळा पाव. पण जुन्या स्लाव्हिकमध्ये या शब्दाचा अर्थ होता टणक, घट्ट. पाव टणक झाला की शिळा, माणूस टणक असला की ठणठणीत आणि ताजातवाना. एका भाषेने पाव धरला, दुसरीने माणूस. पोलिशने दोन्ही ठेवलेत : ‘चेर्स्त्वी’ पाव शिळा असतो आणि ‘चेर्स्त्वी’ म्हातारा खणखणीत. उलटं करायचं कारस्थान असतं तर पोलिशने दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदवले नसते.

सौंदर्य आणि कुरूपतेचं तसंच. पोलिश ‘उरोदा’ म्हणजे सौंदर्य, रशियन ‘उरोद’ म्हणजे विद्रूप माणूस. दोन्हींत जन्माचा, उपजण्याचा धातू आहे. मात्र ‘उ’ हा उपसर्ग रशियन शब्दात उणेपण दाखवतो, पोलिशमध्ये नाही. धड न उपजलेला तो उरोद. जोमाने वाढलेलं, भरलेलं अंग ती उरोदा. चेक आणि स्लोव्हाकमध्ये ‘ऊरोदा’ म्हणजे शेतातलं भरघोस पीक. युक्रेनियनमध्ये ‘व्रोदा’ म्हणजे रूप, सौंदर्य. कुणी कुणाला चिडवत नाहीये.

आणि द्वेषाचा सिद्धांत जिथे पार आडवा होतो तो शब्द पोस्टमध्ये आलेलाच नाही. वासाला पोलिश आणि रशियन दोघेही ‘झापाख’ म्हणतात, वास बरा असो की वाईट. चेकमध्ये मात्र झापाख म्हणजे दुर्गंधी. सुगंधाला चेक म्हणतात ‘वून्ये’, पोलिश ‘वोन’ही सुगंधच, तर रशियन ‘वोन्य’ म्हणजे नुसती घाण. धूप-उदबत्तीच्या सुवासाला रशियन ‘ब्लागोवोनिये’ म्हणतात, तिथे तोच शब्द अजून बिनबोभाट बसलाय. आता पोलिश आणि रशियन एका बाजूला आणि चेक दुसऱ्या बाजूला असा हा झापाख चेकांनी नेमका कुणाला खिजवायला नासवला, हे पोस्टकर्त्याने सांगावं.