पाणी बदललं की मासे का मरतात? काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

तुम्ही निवृत्त आहात आणि तरुणपणापासून मासे पाळताय असं लिहिलंत, म्हणून काका म्हणतेय. तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे, तेव्हा खाली दोन ओळी लिहून सोडून देणं मला बरं वाटलं नाही.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मागच्या लेखात मी आमच्या तीन फुटी टाकीचा कायापालट लिहिला होता. निळी खडी, प्लास्टिकची झाडं आणि झाकण उघडमीट करणारा खजिन्याचा पेटारा काढला, सिल्व्हर शार्क आणि सकर हे मासे दुसऱ्यांना दिले, आणि टाकी जिवंत झाडांची केली. काकांना हा सगळा फोटोसाठीचा खटाटोप वाटतो. मुंबईच्या उकाड्यात झाडांना सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, देणारा सिलिंडर आणि पाणी थंड ठेवणारा चिलर नसेल तर झाडं कुजतात आणि मध्यमवर्गीय माणूस उगाच खर्चात पडतो, असं ते म्हणतात. वाढवलेले मासे देऊन टाकणं त्यांना निर्दयपणाचं वाटलं. त्यापेक्षा पवईच्या तलावात सोडले असते तर मोकळे तरी जगले असते, असं त्यांचं म्हणणं. आणि दर आठवड्याला पाणी बदलायचा माझा सल्ला त्यांच्या मते साफ चुकीचा आहे: ‘पाणी बदललं की मासे मरतात. मी सहा-सहा महिने बदलत नाही, कमी झालेलं तेवढं भरतो आणि मूठभर खडे मीठ टाकतो. मासे ठणठणीत आहेत.’

या पाण्याच्या मुद्द्यापासूनच सुरुवात करते, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं आहे.

काका, तुमचा अनुभव खरा आहे. टाकी धुतली, पाणी बदललं आणि दुसऱ्या दिवशी मासे मेले, हे मुंबईत कितीतरी घरांत घडलेलं आहे. पण दोष जुन्या पाण्याचा असतो आणि आळ नव्यावर येतो. आपल्या नळाला तानसा, वैतरणा, भातसा अशा तलावांचं पाणी येतं, म्हणजे साठवलेलं पावसाचंच पाणी. ते मऊ असतं. त्यात विरघळलेले क्षार कमी, आणि आम्ल शोषून घेणारे कार्बोनेट त्याहून कमी. माशांनी खाल्लेल्या अन्नातला नत्र अमोनिया होऊन पाण्यात येतो, बराचसा तर थेट कल्ल्यांवाटे. फिल्टरमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. हे होताना आम्ल तयार होतं आणि ते थोडेसे कार्बोनेट खर्ची पडत जातात. महिनोन्‌महिने पाणी बदललं नाही की ते संपतात आणि पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल आहे ते सांगणारा आकडा (जितका कमी तितकं पाणी आम्ल), घसरू लागतो, सहाच्याही खाली जातो. इतक्या आम्ल पाण्यात ते जिवाणूही मंदावतात. अमोनिया साठत राहतो.

तरीही मासे जगतात, कारण आम्ल पाण्यात तो जवळजवळ सगळा अमोनियम या फारशा विषारी नसलेल्या रूपात असतो. टाकी वरून स्वच्छ दिसते, मासे खाताना दिसतात, आणि आपल्याला वाटतं की सगळं उत्तम चाललंय. मग गणपतीच्या आधीची साफसफाई निघते आणि निम्मं पाणी एकदम बदललं जातं. नळाच्या पाण्याचा पीएच सातच्या वर असतो. पीएच एकानं चढला की विषारी अमोनियाचा वाटा साधारण दहापट होतो. पाणी जितकं कोमट तितका तो आणखी वाढतो. त्यातच ताज्या पाण्यातलं क्लोरीन कल्ल्यांना इजा करतं. सकाळी जे दिसतं ते तुम्ही पाहिलेलं आहेच.

म्हणून मी थोडं आणि नियमित म्हणते. आठवड्याला पाचवा हिस्सा, आदल्या रात्री बादलीत भरून ठेवलेलं, अँटी-क्लोरीनचे थेंब घातलेलं. जुन्या-नव्या पाण्यात फरकच फार पडला नाही तर माशांना धक्का बसायचं कारण उरत नाही.

मिठाबद्दल एवढंच, की पाण्याची वाफ होते, मिठाची होत नाही. वर पाणी भरत गेलात आणि दर वेळी मूठभर टाकत गेलात तर ते साठत जातं. तुमच्या मॉली माशांना ते मानवतं, कारण त्या मूळच्या मेक्सिकोकडच्या जड आणि काही ठिकाणी मचूळ पाण्यातल्या. टेट्रा, लोच या माशांना आणि बहुतेक झाडांना ते मानवत नाही.

आता झाडं. बहुतेक पाणवनस्पतींना नत्र घ्यायचा तर नायट्रेटपेक्षा अमोनियम सोपा पडतो. म्हणजे जे साठून तुमच्या टाकीला धोका होतो, तेच झाडांचं खाद्य आहे. ती वाढतात तसा तो नत्र पानांत जातो, आणि छाटणी केली की टाकीबाहेर. मला हिरवा रंग आवडतो हे खरंच आहे, पण टाकीची फेरमांडणी करताना मी पहिल्यांदा झाडं मोजली आणि मग मासे ठरवले, त्यामागे हे कारण होतं.

सिलिंडर आणि चिलरबद्दल तुम्ही म्हणता ते एका प्रकारच्या टाकीला तंतोतंत लागू आहे. ताकाशी अमानो या जपानी छायाचित्रकारानं ज्या शैलीला जगभर नाव मिळवून दिलं, ती तळाला हिरवळ पसरलेली, दगडांची टेकडी असलेली टाकी. तिथली बारीक पानांची झाडं प्रखर उजेड आणि सीओटू मागतात आणि तीस अंशांच्या पाण्यात खरोखर कुजतात. तसला फोटो बघून कुणी मुंबईत टाकी मांडायला घेत असेल तर मीही थांबवीन. पण व्हॅलिसनेरिया, हायड्रिला, हायग्रोफिला, लिम्नोफिला ही आपल्याच देशातल्या तळ्यांत आणि ओढ्यांत उगवणारी झाडं आहेत. त्यांना मे महिना माहीत आहे. क्रिप्टोकोरिन वेंड्टी श्रीलंकेची आहे, तिलाही उकाड्याचं फारसं वावडं नाही. जावा फर्न आणि अनुबिया तर दगडाला दोऱ्यानं बांधायचे. त्यांचं आडवं जाड खोड खडीत पुरलं तर मात्र सडतं. उजेड सात तास, टायमर लावून. जास्त दिला तर झाडांआधी शेवाळ माजतं.

झाडं ‘कुजली’ असं ज्यांना वाटतं त्यांच्यातल्या अनेकांनी जिवंत झाड फेकून दिलेलं असतं. नर्सरीत ही झाडं बऱ्याचदा पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवतात. आपल्या टाकीत आली की हवेतली पानं गळतात. क्रिप्टोकोरिनचा तर अक्षरशः लगदा होऊन जातो, दोन-तीन दिवसांत पानं पारदर्शक होतात आणि चिमटीत धरली तर विरघळतात. तेव्हा मुळाला हात लावायचा नाही. सडकी पानं तेवढी काढायची आणि वाट बघायची. काही आठवड्यांनी खडीतून तपकिरी रंगाची, सुईसारखी गुंडाळलेली नवी पानं वर येतात, ती पाण्यातलीच असतात आणि मग टिकतात. आणखी एक: कुंडीतून आणलेल्या झाडाच्या मुळांभोवती पिवळट लोकर असते ती चिमट्यानं सगळी काढा, आणि जुडीला गुंडाळलेली शिशाची पट्टीही.

खर्चाचं म्हणाल तर कुर्ल्याच्या रविवारच्या बाजारात यातल्या बऱ्याच झाडांच्या जुड्या मिळतात, आणि खडीखाली मी महागडी माती न घालता कोकणातून आणलेली जांभ्याची लाल माती धुऊन पातळ पसरलीय. तिच्यात लोह भरपूर असतं. दगड आपला साधा काळा पाषाण. पांढरे संगमरवरी तुकडे आणि शिंपले घालण्याआधी त्यावर लिंबू पिळून बघा. फेस आला तर ते पाणी जड करणार.

उकाड्याचा खरा प्रश्न झाडांपेक्षा माशांचा आहे. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ८.२ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच, आणि त्याच वेळी माशांची गरज वाढलेली असते. रात्री झाडंही प्राणवायू घेतात. म्हणून एअर पंप मी काढलेला नाही, तो टाकीचे दिवे बंद झाल्यावर चालू होतो. टाकीत हवेचे बुडबुडे हवेतच, या तुमच्या आग्रहाशी मी पूर्ण सहमत आहे.

आणि म्हणूनच मासे कमी केले. सिल्व्हर शार्क दुकानात बोटाएवढा असतो आणि फूटभराहून मोठा होतो. त्याला कळपानं लांब पोहायचं असतं. एक फूट रुंदीच्या टाकीत मोठ्या माशाला वळतासुद्धा धड येत नाही. सकरही फुटाच्या पुढे जातो. तो टाकी साफ ठेवतो अशी समजूत आहे, पण काचेवरचं शेवाळ खाऊन तो जेवढी विष्ठा करतो ती पाहिली की हा समज जातो. दोन्ही मासे आता एका ओळखीच्या गृहस्थांच्या खूप मोठ्या टाकीत आहेत. त्यांना तिथे नेऊन सोडताना मला वाईट वाटलं, पण निर्दयपणा वाटला नाही. आधीच्या जागेत ते खुरटत होते.

पवईचं मात्र कृपा करून कुणालाही सुचवू नका. सकर मूळचा दक्षिण अमेरिकेचा. पूर्व कोलकात्याच्या पाणथळ जागांत तो पसरला आणि तिथल्या मच्छीमारांच्या जाळ्यात देशी माशांच्या जागी तो येऊ लागला. अंगावर काटेरी कवच असल्यामुळे त्याला खाणारा इथे फारसा कुणी नाही. पवईनं आधीच दक्षिण अमेरिकेहून आलेली जलपर्णी सोसली आहे. टाकीतली छाटणीसुद्धा मी उन्हात पूर्ण वाळवून मगच ओल्या कचऱ्यात टाकते.

‘झाडांच्या मागे मासे शोधावे लागतात’ असंही तुम्ही लिहिलंत. पहिले काही दिवस तसं होतं. आडोसा आहे हे कळलं की मासे धीट होतात आणि पुढे येतात. आमच्याकडे आता चेरी बार्ब, हार्लेक्विन रासबोरा, थोडे कूली लोच आणि लालिया गुरामीची जोडी आहे. लालिया वर येऊन हवा घेऊ शकतो, त्यामुळे उकाड्याला तो पक्का. त्याचा नर सध्या वरच्या कोपऱ्यात घरटं बांधतोय. तोंडात हवा घ्यायची, चिकट बुडबुडे सोडायचे, मग व्हॅलिसनेरियाचा तुटका तुकडा आणून त्यात खोचायचा, थोडं मागे सरून बघायचं आणि न जमलेला तुकडा काढून पुन्हा लावायचा. पाण्याचा झोत जरा वाढला की सगळं विस्कटतं आणि तो पुन्हा सुरू करतो. प्लास्टिकच्या झाडांत याला तोडायला काही नव्हतं.

शेवटी तुम्ही आव्हान दिलंत की तुमच्या टाकीत मी काय बदलेन. तीन फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट उंच म्हणजे काठोकाठ १२७ लिटर; खडी आणि वरची रिकामी जागा सोडली तर ११० धरू. त्यात तुमचे दोन गोल्डफिश, मॉली, एंजल आणि सकर. मी आज एकही मासा हलवणार नाही आणि एकही झाड लावणार नाही. आधी पीएच आणि अमोनियाच्या टेस्टचे थेंब आणा. मीठ थांबवा. रोज चार-पाच लिटर काढा आणि तेवढंच मुरवलेलं पाणी मगानं हळूहळू घाला, पीएच सावकाश वर येईपर्यंत. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा, नाहीतर क्लोरीननं त्यातले जिवाणू मरतील. पाणी ताळ्यावर आलं की मग सकर आणि गोल्डफिशसाठी मोठी जागा शोधू. गोल्डफिश झाडं उपटतात, त्यांना वेगळीच टाकी हवी.

झाडं विकत घ्यायची घाई करू नका. माझ्याकडे व्हॅलिसनेरियाला सतत पिल्लं फुटतात आणि हायग्रोफिलाची छाटणी निघते, हवी तेवढी देईन. आधी तुमच्या टाकीचा आणि नळाच्या पाण्याचा, दोन्ही पीएच इथे लिहा.