बोटीला वीस भोकं

इंदूरला समुद्र नाही, हे मला माहीत आहे. तरीही दारात ट्रेलरवर उभी असलेली बोट दिसली की येणारा-जाणारा प्रत्येक जण ही माहिती मला नव्याने देतो. तलाव आहेत म्हणाल, तर सिरपूर आणि यशवंत सागर 2022 पासून रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहेत. तिथे पहिला मान पक्ष्यांचा. शिवाय यशवंत सागरचं पाणी शहराच्या नळाला येतं, त्यात कुणी इंजिन धुवू नये. त्यामुळे सोळा फुटी जेट बोट, म्हणजे पंपाने मागे सोडलेल्या पाण्याच्या झोतावर चालणारी बोट, पाण्याला लागते ती पार खंडवा जिल्ह्यात, इंदिरा सागरच्या जलाशयात, आणि तीही परवानगी असेल तर. एरवी ती दारात उभी राहते आणि लोक तिच्याभोवती उभे राहून सल्ले देतात. माझा सल्ला एकच: तिला ट्रिम टॅब कसे बसवावेत.

अशा बोटीचं जुनं दुखणं म्हणजे नाक. इंजिन मागे, पंप मागे, सगळं वजन शेपटाशी. बोटीच्या मागे बाहेर टांगलेलं आउटबोर्ड इंजिन तिरकं करून झोत वर-खाली करता येतो; बहुतेक छोट्या जेट बोटींत ती सोय नसते, झोत सोडणारी नळी फक्त डावी-उजवीकडे वळते. म्हणून वेग घेताना बोट आभाळ बघते, आणि मधल्या वेगाला तिची दुडकी चाल सुरू होते: नाक वर, नाक खाली, नाक वर. पोटातले पोहे-जलेबी त्याच तालात.

यावर औषध म्हणजे ट्रिम टॅब. मागच्या उभ्या भिंतीला, म्हणजे ट्रान्समला, तळाशी बिजागरीवर बसवलेल्या स्टीलच्या दोन पट्ट्या. पट्टी खाली झुकली की पाणी तिला वर ढकलतं, शेपूट उचललं जातं आणि नाक आपोआप खाली येतं. तत्त्व एवढंच. बाकी सगळा प्रश्न हिमतीचा आहे, कारण धडधाकट, न गळणाऱ्या बोटीला पाण्याच्या रेषेखाली आपल्याच हाताने वीसेक भोकं पाडायची असतात.

म्हणून ड्रिल उचलण्याआधी फुकटचा उपाय करून बघावा. बॅटरी, नांगर, बर्फाची पेटी पुढे सरकवा. शेजारचे वजनदार काका फेरीला येणारच असतील तर त्यांना पुढे बसवा. काही बोटींचं दुखणं एवढ्यानेच जातं. पण काका कायमचे बोल्टने बसवता येत नाहीत, म्हणून टॅब.

टॅब दोन जातींचे. एक गॅसच्या दांड्याचा: दांडा पट्टीला खाली दाबून धरतो आणि वेग वाढला की पाणीच तिला वर ढकलतं. तार नाही, बटण नाही. फक्त दांड्याचा जोर बोटीच्या वजनाला जुळायला हवा. दुसरा विजेचा, बटणावर चालणारा. माझं मत विचाराल तर नेहमी दोघंच बसणार असतील तेव्हा पहिला पुरे. कधी दोघं, कधी मावशी-आत्यांसह सहा जणं, असा प्रकार असेल तर दुसरा.

मापाचा ठोकताळा असा की बोटीच्या दर फुटाला, दर बाजूला एक इंच रुंदीची पट्टी. पण जेट बोटीच्या ट्रान्समच्या मधोमध पंप ठाण मांडून बसलेला असतो. मग पुस्तकातलं माप राहतं पुस्तकात, आणि जागा मिळते त्यात बसेल ती पट्टी घ्यावी लागते, बहुधा नऊ ते बारा इंची. इथेच पहिली चूक होते. नळी सरळ असताना माप घेऊन लोक भोकं पाडतात. आधी स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे फिरवा. मग रिव्हर्सची बादली, म्हणजे झोत उलटा वळवणारं झाकण, खाली पाडा आणि तिचा अख्खा फेर खडूने आखा. पट्टी त्या फेरात आली तर पहिल्याच वळणावर खण्ण. शिवाय रिव्हर्सला तोच झोत उलटा पुढे येतो. पट्ट्या तेव्हा खाली असतील तर बोट मागे जायची सोडून रुसून बसते. म्हणून मागे घेताना पट्ट्या वर, हा नियम.

आखणी करताना तळ आणि बाजू जिथे मिळतात त्या काठापासून तीन-चार इंच आत, आणि तळाच्या रेषेपासून पाव इंच वर. हा पाव इंच कंजुषी नव्हे. बिजागरी तळाला अगदी चिकटवली किंवा खाली उतरली तर पट्टी वर असतानाही पाणी तिथे अडतं, आणि बोट जन्मभर ब्रेक दाबल्यासारखी चालते.

स्क्रू 316 जातीचे स्टेनलेस हवेत. इंदूरच्या सियागंज बाजारात मागितले की दुकानदार चुंबक लावून दाखवतो: "देख लो भिया, चिपकता नहीं, असली है." चुंबक 304 या साध्या स्टेनलेसलाही सहसा चिकटत नाही आणि 316 लाही नाही. त्यामुळे त्या प्रयोगातून एवढंच सिद्ध होतं की दुकानात चुंबक आहे. डब्यावरचा शिक्का वाचा.

भोकं पाडण्याआधी आतून हात घालून ट्रान्समच्या मागे काय आहे ते चाचपा: टाकी, तारा, नळ्या. आखलेल्या जागी मास्किंग टेप चिकटवा. दहा नंबरच्या स्क्रूला साधारण साडेतीन मिलिमीटरचं भोक. वरचा चकचकीत थर, जेलकोट, बशीच्या कडेसारखा टवका उडवतो. म्हणून तो थर जाईपर्यंत ड्रिल उलटं फिरवायचं, मग सुलटं. भोकाचं तोंड थोडं पसरट करा, नाहीतर स्क्रू आवळताना कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा पडतात. आणि ड्रिलला खोलीची खूण म्हणून टेप गुंडाळा. आरपार गेलेल्या भोकाचा आवाज वेगळाच असतो. तो आला की शेजारपाजारही गप्प होतो.

प्रत्येक भोकात सीलंट भरून मगच स्क्रू. सीलंट पाण्याखाली चालणारं, पॉलियुरेथेनचं. न्हाणीघरातलं व्हिनेगरचा वास येणारं सिलिकॉन "वही काम करता है" म्हणून गळ्यात मारतात. ते तसं करत नाही. ट्रान्समच्या पोटात बऱ्याचदा प्लायवूड असतं. एका भोकातून पाणी झिरपलं की लाकूड आतल्या आत कुजतं, वरून सगळं झकास, आणि दोन-तीन वर्षांनी ठोकून बघावं तर भिजलेल्या टोस्टचा आवाज. स्क्रू हाताने आवळा, बॅटरीच्या मशीनने नव्हे. मग आठवडाभर बोटीकडे बघायचं नाही. "सुकलं का?" म्हणून बोट लावून बघणाऱ्यांचे ठसे सीलंटवर कायम राहतात.

विजेच्या टॅबमध्ये पट्टी हलवणाऱ्या दांड्याचं वरचं ब्रॅकेट बसवताना दांडा पूर्ण आत ओढलेला ठेवा आणि तळाला सरळ पट्टी लावून टॅब त्याच रेषेत धरा, मग खूण. ब्रॅकेट खाली बसलं तर टॅब कधीच पूर्ण वर येणार नाही. तारांचं भोक पाण्याच्या रेषेच्या वर, आणि तारेला आत शिरण्याआधी खाली एक झोळ, म्हणजे थेंब तिथून गळून पडतो. फ्यूज टॅबच्या किटात सांगितलेल्या अँपिअरचा, बॅटरीपासून वीतभर अंतरात. जोड उष्णतेने आवळणाऱ्या नळीत. पीळ देऊन काळी टेप गुंडाळण्याची आपली राष्ट्रीय पद्धत इथे एका पावसाळ्यात हिरवी होते.

आता खरा घोळ. डावीकडचं बटण "नाक खाली" असं दाबलं की उजवी पट्टी खाली गेली पाहिजे. कारण उजवं शेपूट उचललं की डावं नाक दबतं. ट्रेलरवर तपासताना मागे उभा असलेला माणूस हमखास ओरडतो, "उलटं लागलंय!" आणि कुणीतरी उत्साहाने तारा बदलून ते खरोखर उलटं करतं. त्याला आधी चहा पाजा, मग समजवा.

बोट ज्यांवर टेकते त्या ट्रेलरच्या लाकडी पट्ट्याही बघा. त्या ट्रान्समच्या मागे डोकावत असतील तर बोट ट्रेलरवर ओढताना नवे टॅब त्यांच्यावरच आपटतील. करवतीने कापा, हळहळू नका.

पाण्यात बटण अर्धा सेकंद दाबायचं, सोडायचं, दोन-तीन सेकंद थांबायचं. परिणाम उशिरा दिसतो. दाबून धरलं तर नाक पाण्यात घुसतं आणि बोट मनाला येईल तिकडे वळते. आणि पहिल्या चाचणीला काकांना काठावरच ठेवा, शेव-पोह्यांची पुडी देऊन. नाहीतर नाक खाली आलं ते टॅबमुळे की काकांमुळे, हे कळायला मार्ग नाही.