पाडव्याच्या पंगतीत सालगडी असलाच पाहिजे

आज तालुक्याच्या बाजारात एका बेकरीबाहेर पाडव्याचा फलक वाचला आणि तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. चॉकलेट पुरणपोळी, श्रीखंडाची पेस्ट्री आणि कडुलिंबाच्या रसाचा इवलासा प्याला, असा सगळा मिळून एक डबा. फलक वाचून मी पुढे निघालोही असतो, पण सोबतचे नातेवाईक सहज म्हणाले, "यंदा स्वयंपाकाचा कुटाणा नको. चार डबे घेऊ, त्यातला एक सालगड्याच्या घरी पोहोचवला म्हणजे झाले." ते वाक्य मला सहन झाले नाही.

आपल्या वऱ्हाडात चैत्र शुद्ध प्रतिपदेला, वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या सालगड्याचे जुने साल संपते आणि नवे ठरते, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. वर्षभर ज्याने आपल्या बैलांना चारा-पाणी केले, रात्री-अपरात्री ओलिताला गेला, त्याच्या घरी त्या दिवशी डबा पोहोचवायचा?

माझ्या लहानपणी एका वर्षी हरभरा ऐन काढणीला आला असताना गारपीट झाली आणि घाटे मातीत गेले. पाडव्याला पुरणापुरतीही चण्याची डाळ घरात उरली नव्हती. आजीने तुरीची डाळ शिजवली, गूळ घालून तिचेच पुरण पाट्यावर वाटले. सोबत कढी, वडे आणि तळलेल्या कुरड्या होत्या. आजोबांनी सालगड्याला आपल्या शेजारच्या पाटावर बसवून पहिली पोळी त्याच्या ताटात वाढली आणि वर वाटीभर तूप ओतले. हिशेबाची वही जेवणानंतरच उघडली गेली.

सगळ्याच घरांत असे होत नसे, हे मान्य करावे लागेल. कित्येक वाड्यांत सालगड्याचे पान अंगणातच मांडले जाई. म्हणून तर आजोबांच्या शेजारचा तो पाट मला अधिक मोलाचा वाटतो.

नव्या पदार्थांशी माझे भांडण नाही. तुरीचे पुरण हाही त्या दिवशी आमच्या घरात नवाच पदार्थ होता. पण तो आमच्याच शेतातल्या तुरीचा होता आणि आजीने तो माणसे पंगतीला बसायची होती म्हणून केला होता. २०२५-२६ च्या रब्बी विक्री हंगामासाठी हरभऱ्याचा हमीभाव क्विंटलला ५,६५० रुपये, म्हणजे किलोला साडेछप्पन्न रुपये जाहीर झाला होता, आणि बाजारात तेवढाही पदरी पडेल याची खात्री नसते. तोच हरभरा आपण विकायचा आणि पाडव्याला त्याचेच पुरण चॉकलेटमध्ये घोळवून कितीतरी पट दराने परत आणायचे, हे मला पटत नाही. कडुलिंबाचे तर विचारूच नका! शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, झाड उभे आहे. त्याची कोवळी पाने आणि फुलोरा, ओवा, हिंग, मीठ, चिंच, गूळ एवढेच तर वाटायचे असते. त्यासाठीही पैसे मोजायचे?

लिहिता लिहिता राग थोडा निवळला. पुरण वाटताना खांदे बाईचेच भरून येतात, आणि घरातल्या वहिनींना एखादे वर्ष चुलीपासून सुटका हवीशी वाटली तर त्यात त्यांचा काहीच दोष नाही. त्या गारपिटीच्या वर्षीही पाटावर आजोबा बसले होते आणि पाट्याशी आजी होती. मग पुरुषांनी पुरणयंत्र फिरवावे, वड्यांची डाळ वाटावी, वाढायला उभे राहावे. पोळ्या थोड्या जाड झाल्या तरी चालतील.

मुलांना चॉकलेटची पोळी हवी असेल तर तीही जरूर आणा. त्यांचाही सण आहे. सालगड्याला मात्र बायको-लेकरांसह घरी जेवायला बोलवा, पहिली पोळी त्याच्या ताटात वाढा आणि नव्या सालाचे बोलणे जेवणे आटोपल्यावरच काढा. आमच्याकडे यंदा असेच होणार आहे, आणि त्या नातेवाइकांनाही मी जेवायचे आवतण दिले आहे.