बोरकरांना हार आणि पेटीला बुरशी

१८ नोव्हेंबर आला की गोव्यापासून रत्नागिरीपर्यंत पेटीवादक (हार्मोनियमवादक) पं. तुळशीदास बोरकरांचे फोटो जयंतीनिमित्त फिरू लागतात. १९३४ साली गोव्यातल्या बोरीत जन्म, आईकडून सुरुवात, मग पेटीवादक पी. मधुकरांची तालीम, २०१६ ची पद्मश्री, २०१८ मध्ये मुंबईत निधन. सगळं बरोबर. पण याच कोकणातल्या देवळादेवळांत पेटीचे जे हाल चाललेत ते बघितले की त्या हारफुलांचा राग येतो.

बोरकर लहान होते तेव्हा, १९४० साली, रेडिओने पेटीवर बंदी घातली. आक्षेप असा की तिचे सूर ठरलेले, मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही. आक्षेप खोटा नव्हता. पी. मधुकर आणि त्यांच्या शिष्यांनी त्याला उत्तर दिलं ते भात्यातून. पहिली पट्टी सुटायच्या आत दुसरी बोलती करायची, त्या क्षणी हवा किंचित सैल सोडायची, की दोन सुरांमधला सांधा कानाला जाणवत नाही. बोरकरांचं एकल वादन ऐकताना बोटांपेक्षा हवेकडे लक्ष द्या. डावा हात एकसारखे हेलकावे देत नाही, गायकाने श्वास राखावा तशी हवा राखतो.

आता गळक्या पेटीवर हे कोणी करून दाखवावं! पोरगं जीव खाऊन भाता हाणतं आणि वर आपण म्हणतो, हात जड आहे.

आपल्याकडे पेटी मे महिन्यात सप्त्याला वाजते, मग प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर. उतरते ती थेट चतुर्थीच्या आदल्या दिवशी. मधले तीन महिने कोकणातला पाऊस. प्लॅस्टिकमध्ये ओल अडकते, लाकूड फुगतं, पट्ट्या एकमेकींना घासून खालीच राहतात. आतल्या चामड्याला बुरशी येते. पितळी सुरांवर, म्हणजे थरथरून आवाज देणाऱ्या जिभांवर, हिरवा गंज चढतो. भात्याच्या घड्या झुरळं कुरतडतात. मग कोणीतरी शहाणा ती पेटी उन्हात ठेवतो! सूर बसवलेली फळी तडकते आणि हवा कायमची पळते. त्यापेक्षा सुती कापडाची खोळ घाला, भिंतीपासून दूर कपाटात ठेवा, कापूर किंवा डांबरगोळ्या टाका आणि आठवड्यातून दोनदा पंधरा-वीस मिनिटं वाजवा. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं.

तपासणी सोपी आहे. हवेची वाट उघड-बंद करणाऱ्या सगळ्या खुंट्या बंद करून भाता मारा. तीन-चार वेळात आतला भाता भरून हाताला अडायला हवा. अडलाच नाही, किंवा अडून लगेच ढिला पडला, तर हवा गळते. खुंट्या उघडल्यावर पट्टी न दाबताच एखादा सूर बोलायला लागला, तर त्या पट्टीखालचं चामडं नीट टेकत नाही किंवा स्प्रिंग मेलेली आहे. एखादा सूर मुका झाला तर बहुतेक वेळा जिभेत कचरा असतो. पातळ कागदाची पट्टी हलकेच खालून फिरवा. सुई, टाचणी अजिबात नको. जीभ वाकली की ती परत सरळ बसवणं कसबी माणसाचंच काम.

सगळ्यात मोठा घोळ सूर लावताना होतो. जिभेचं टोक घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो. टोकाला गंज नि धूळ बसली की वजन वाढून सूर उतरतो. घाईत आलेला कारागीर सफाई न करताच टोक घासून तो वर आणतो. पुढे कधी सफाई झाली की तोच सूर चढा लागतो, मग मुळाशी घासायचं. असं दोन-तीनदा झालं की जीभ पातळ होऊन ऐन भजनात तुटते. म्हणून आधी सफाई, मग गळती, आणि सूर सगळ्यात शेवटी. कारागिराला हे बजावून सांगा, चार पैसे जास्त द्या.

नवीच घ्यायची तर देवळासाठी स्केल चेंजर (पट्ट्या सरकवून सूर बदलता येणारी पेटी) घेऊ नका, कितीही देणगी जमली तरी. सरकणाऱ्या पट्ट्यांचा सांगाडा आमच्या दमट हवेत पहिला अडकतो, आणि वजन इतकं की भजनाच्या बाऱ्यांना (सामन्यांना) नेताना दोघं लागतात. दोन ओळींची (प्रत्येक पट्टीला दोन सूर असलेली) साधी पेटी, चांगले पालिताणा सूर, जुनं सागवान. बुवांचा सूर काळी एक असो की काळी चार, ते त्यांचं त्यांना जमतं.