उतारावर चावी बंद करून स्टीअरिंग तपासायचं म्हणे!

‘सेकंड हँड गाडी घेताय? मेकॅनिकला पैसे देऊ नका, स्टीअरिंग स्वतःच पारखा.’ हा मेसेज सध्या ठाण्यात ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. पाच मुद्दे, प्रत्येकापुढे हिरवी टिक, खाली ‘जनहितार्थ’. वाचून सोडूनच दिला असता, पण आमचे भाऊजी कळव्यात एक जुनी हॅचबॅक बघून आलेत आणि रविवारी ती गायमुखच्या उतारावर नेऊन ‘मेसेजमध्ये दिलंय तसं’ तपासणार आहेत. तेव्हा आता गप्प बसणं शक्य नाही.

तिसरा मुद्दा आधी घेते, कारण जीव त्यात जाईल. उतारावर गाडी ४०च्या वेगात असताना चावी बंद करा, स्टीअरिंग हलकं राहिलं तर गाडी उत्तम, असं म्हणणं आहे. अहो, पॉवर स्टीअरिंगला पॉवर येते कुठून? आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत इलेक्ट्रिक मोटरमधून, जुन्या हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या) गाड्यांत इंजिनवर फिरणाऱ्या पंपातून. चावी बंद केली की दोन्ही बंद. म्हणजे ठणठणीत गाडीचंही स्टीअरिंग जड होणारच. या परीक्षेत शोरूममधली नवी गाडीसुद्धा नापास होईल.

जड झालं तरी एक वेळ ओढून वळवता येतं. पण ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरला व्हॅक्यूम (हवेची ओढ) मिळतो तो इंजिन चालू असल्यामुळे. इंजिन थांबलं की साठलेल्या व्हॅक्यूमवर एखाद-दोनदा ब्रेक नीट लागतो, त्यानंतर पेडल दगड. त्यात घाबरून चावी थेट लॉकपर्यंत फिरवून बाहेर काढलीत, तर स्टीअरिंगच लॉक होऊ शकतं. घोडबंदर रोडवर मागे कंटेनर आणि पुढे घाटाचं वळण असताना हे करून बघायचं? कोणाच्या हितार्थ?

पॉवर स्टीअरिंग चालतंय की नाही, हे सोसायटीच्या पार्किंगमध्ये बसूनही कळतं. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, इंजिन बंद. स्टीअरिंगवर हलका जोर धरून ठेवा आणि स्टार्ट मारा. इंजिन लागताक्षणी ते हाताखाली सैल पडलं पाहिजे. इलेक्ट्रिक असेल तर चावी ऑन केल्यावर मीटरमध्ये स्टीअरिंगचा दिवा लागतो आणि इंजिन सुरू झाल्यावर विझतो. मुळात लागतच नसेल, तर तो कोणीतरी ‘गप्प’ केला असण्याची शक्यता धरा.

मेसेजमधला आणखी एक मुद्दा: ‘जुन्या गाडीला अर्धा फेरा प्ले (चाक न वळता स्टीअरिंग नुसतं फिरणं) चालतो.’ कोणाला चालतो? केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ९८ सांगतो की स्टीअरिंग व्हीलवरचा मोकळा खेळ ३० अंशांपेक्षा जास्त नसावा. अर्धा फेरा म्हणजे १८० अंश, कायद्याच्या मर्यादेच्या सहापट! आणि ३० अंश ही शेवटची हद्द आहे. साधारण आकाराच्या स्टीअरिंगच्या कडेवर ते जवळजवळ दहा सेंटीमीटर होतात. एवढं फिरवूनही चाक हलत नसेल, तर मी ती गाडी तिथेच सोडून घरी येईन.

स्टीअरिंग जड आहे म्हणून ‘पॉवर स्टीअरिंगच्या टाकीत ब्रेक ऑइल टाका’ हा सल्ला देणाऱ्याने बॉनेट उघडून पाहिलंय का, अशी शंका येते. इलेक्ट्रिकवाल्या गाडीत अशी टाकीच नसते. हायड्रॉलिकमध्ये असते, पण ब्रेक ऑइलने तिथले रबरी सील फुगतात, मग गळती आणि थेट रॅकचं (स्टीअरिंगचं फिरणं चाकांपर्यंत नेणाऱ्या भागाचं) काम.

‘गाडी डावीकडे खेचते ती रस्त्याच्या उतारामुळे, दुर्लक्ष करा.’ बरं, हे अर्धं खरं आहे, मान्य. पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला कडेकडे उतार असतो आणि आपण डावीकडून चालवतो, त्यामुळे गाडी किंचित डावीकडे झुकते. पण दुर्लक्ष कशाला? आधी पुढच्या दोन्ही चाकांची हवा बघा, मग सपाट रस्त्यावर नेऊन बघा. तिथेही खेचत असेल तर पुढचे टायर डावे-उजवे बदला. खेच बाजू बदलली तर दोष टायरचा.

राहिला ‘अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) केलं की सगळं बरं’. ८०-९०च्या वेगाला स्टीअरिंग थरथरतं ते बहुतेकदा बॅलन्सिंग (चाकाच्या वजनाचा तोल) बिघडल्यामुळे, नाहीतर ठाण्याच्या खड्ड्यात रिम वाकल्यामुळे. आणि टाय रॉड एंड (रॅकला चाकाशी जोडणाऱ्या दांड्याचं टोक) सैल असेल तर अलाइनमेंट टिकणारच नाही. पुढचं चाक जॅकवर घेऊन (खाली कोणी शिरू नका) घड्याळाच्या ९ आणि ३वर धरून हलवा. तिथे खेळ असेल तर टाय रॉड किंवा रॅककडे बघा. १२ आणि ६वर असेल तर बॉल जॉइंट (चाकाला सस्पेन्शनशी जोडणारा सांधा), आणि सगळीकडून हलत असेल तर चाकाचं बेअरिंग. विकणारा म्हणाला, ‘जॅक कशाला लावताय, गाडी मक्खन आहे’, तर त्याला नमस्कार करून निघा.